मोठ्या टायरने ॲव्हरेज वाढतं? आधी किलोमीटर तरी नीट मोजा

गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हापुन्हा येतो. थोडक्यात तो असा: ‘कंपनीचे टायर काढा, मोठे टाका. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर जातं, इंजिनाला कमी फिरावं लागतं, डिझेल वाचतं. कंपनी स्वतः टॉप मॉडेलला मोठे टायर देते, तरी ॲव्हरेज तेच सांगते. डॅशबोर्डवर आकडा कमी दिसला तर घाबरू नका, मीटर चुकतो, खरं ॲव्हरेज वाढलेलंच असतं. पटत नसेल तर टाकी फुल करून बघा.’

या मेसेजवर विश्वास ठेवून लोक खिशातले चांगले हजारो रुपये घालवतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो. सुरुवात मीटरपासून करू, कारण मेसेजमधलं सगळ्यात खरं वाक्य तेच आहे आणि सगळ्यात फसवं वाक्य त्याच्या लगेच पुढे जोडलेलं आहे.

‘मीटर चुकतो.’ हो, चुकतो. गाडीला रस्ता दिसत नाही. ती चाकाचे किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टचे फेरे मोजते आणि कंपनीने भरलेल्या घेराने गुणते. थारच्या १८ इंची रिमवर कंपनीकडून २५५/६५ मापाचा टायर येतो. त्याचा व्यास काढणं सोपं आहे: २५५ मिमी ही रुंदी, तिच्या ६५ टक्के म्हणजे १६५.७५ मिमी ही साइडवॉल, म्हणजे टायरच्या बाजूची उंची, ती वर आणि खाली अशी दोनदा धरायची, आणि त्यात १८ इंचांचे ४५७.२ मिमी मिळवायचे. झाले ७८८.७ मिमी. आता कोणी १७ इंची रिमवर २८५/७० टाकला, तर याच हिशोबाने व्यास येतो ८३०.८ मिमी. गंमत बघा, रिम लहान झाली आणि टायर मोठा झाला. फरक ४२ मिमीचा, म्हणजे ५.३ टक्के. मीटरवर ५०० किलोमीटर पडतील तेव्हा गाडी खरी सुमारे ५२७ किलोमीटर गेलेली असेल. डॅशबोर्डवरचं ॲव्हरेजही याच मोजणीवर चालतं, त्यामुळे तिथेही तीच चूक.

यात आणखी एक गोष्ट मिसळते, जी सहसा कोणी धरत नाही. टायर बदलतो तो बहुतेक वेळा जुने गुळगुळीत झाल्यावर. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते आणि १.६ मिमी उरली की टायर काढायचा असतो. म्हणजे झिजलेल्या टायरचा व्यास जवळपास १३ मिमीने घटलेला असतो. लहान झालेलं चाक जास्त फेरे मारतं, मीटर खऱ्यापेक्षा जास्त किलोमीटर दाखवतो, आणि शेवटच्या काही महिन्यांचं ॲव्हरेज फुगलेलं असतं. आपण तेच डोक्यात धरून बसतो. झिजलेला कंपनीचा टायर ते नवा २८५/७०, हा फरक ७ टक्क्यांचा होतो. आधी मीटरवर १३.५ मिळत असेल, तर डिझेलचा एक थेंबही जास्त न जळता नुसत्या मोजणीने आकडा १२.६ वर येतो.

म्हणून ‘मोठे टायर टाकले आणि ॲव्हरेज धाडकन पडलं’ अशी ओरड करणारेही अर्धवटच सांगतात. पण मीटर चुकला म्हणजे ॲव्हरेज वाढलं, हे त्यातून निघत नाही. चूक सुधारून बघा ना. समजा, आधीचं ॲव्हरेज खरं १३.५ होतं. नव्या टायरवर मीटरने ५०० दाखवले आणि ४० लिटर लागलं. मीटरप्रमाणे १२.५. किलोमीटर दुरुस्त केले तर १३.२. पडलेलं बरंचसं भरून आलं, सगळं नाही. उरलेली तूट खरी आहे, आणि ती कुठून येते हे मेसेजच्या पहिल्याच मुद्द्यात शोधावं लागतं.

‘मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर जातं, इंजिन कमी फिरतं.’ फिरतं कमी, मान्य. त्याच वेगाला, त्याच गिअरमध्ये आरपीएम, म्हणजे इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे, पाचेक टक्क्यांनी उतरतो. पण डिझेल फेऱ्यांच्या हिशोबाने जळत नाही, ते कामाच्या हिशोबाने जळतं. गाडीला हवा कापायची असते, टायर रस्त्यावर दबून उलगडताना वाया जाणारी शक्ती भरून काढायची असते, चढ चढायचा असतो. चाक मोठं केल्याने यातलं काहीच माफ होत नाही. फेरे कमी झाले तर प्रत्येक फेऱ्याला जास्त जोर लावावा लागतो, म्हणजे दर फेऱ्याला इंधन जास्त. वाचतं ते फक्त इंजिनाच्या आतलं घर्षण. सपाट हायवेवर, टॉप गिअरमध्ये, ८०च्या आसपास निवांत चाललात तर तेवढा थोडासा फायदा होऊ शकतो, तो मी नाकारत नाही. पेट्रोल इंजिनाला तो जरा जास्त होतो, कारण तिथे अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून (हवेच्या झडपेतून) हवा ओढण्यातही शक्ती जाते. डिझेलला ती अडचण जवळपास नसते, आणि या मेसेजचे बहुतेक गिऱ्हाईक डिझेलवाले!

आता तोटे बघा. मोठा टायर जड असतो, आणि त्याचं बरंचसं वजन कडेला, नक्षीच्या पट्ट्यात असतं. गाडी वेग घेते तेव्हा ते वजन पुढेही न्यायचं असतं आणि गरगर फिरवायचंही असतं, त्यामुळे कडेचा एक किलो जवळपास दोन किलोंसारखा वागतो. एका टायरमागे चार किलो वाढले, तर सिग्नलवरून निघताना इंजिनाला तीसेक किलो वाढल्यासारखं होतं. एका वेळेचा आकडा मोठा नाही, पण शहरात प्रत्येक सिग्नलला हेच. दुसरं, नुसता व्यास वाढला तर टायरचा रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे दबून उलगडताना वाया जाणारी ती शक्ती, किंचित कमीच होतो. पण लोक नुसता व्यास कुठे वाढवतात? रुंद, जाड ठोकळ्यांच्या नक्षीचे ऑल-टेरेन टायर घेतात, आणि दर फेऱ्याला ते ठोकळे दबतात, वाकतात, तापतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा २००६चा अहवाल सांगतो की रोलिंग रेझिस्टन्स १० टक्क्यांनी घटवला तर ॲव्हरेज १ ते २ टक्के सुधारतं. हेच उलट वाचा.

आणि घाट! ताम्हिणीत किंवा वरंध्यात जी गाडी पूर्वी तिसऱ्यावर चढायची, ती आता मध्येच दम टाकते आणि तुम्ही दुसरा टाकता. चाक मोठं झालं की सगळेच गिअर लांब होतात, चाक रस्त्यावर लावतं तो जोर त्याच प्रमाणात कमी होतो. आरपीएम उतरल्याचा जो काही फायदा होता, तो तिथे पुरता परत जातो. ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्स हे काम न विचारता करतो.

एक तोटा तर मीटरच्या चुकीतूनच जन्मतो. स्पीडोमीटरही त्याच फेऱ्यांवर चालतो. सवयीने काटा पूर्वीच्याच जागी ठेवलात, तरी गाडी आता ५.३ टक्के जास्त वेगाने जाते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दर किलोमीटरला हवा कापायला ११ टक्के जास्त काम. थारसारख्या चौकोनी, उभ्या काचेच्या गाडीला हे चांगलंच जाणवतं, आणि वर गाडी उंच करणारं लिफ्ट किट बसवलं असेल तर आणखी. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर १००ची मर्यादा पाळतोय असं समजून तुम्ही तिच्या पुढे गेलेले असू शकता. स्पीडोमीटर मुळात थोडा जास्त वेग दाखवेल असाच लावलेला असतो, कमी दाखवणं नियमात बसत नाही. ती राखीव सूट मोठ्या टायरने खाऊन टाकली.

‘कंपनी टॉप मॉडेलला मोठे टायर देते.’ यात रिम आणि टायर यांची सरळ गल्लत आहे. स्विफ्टचं उदाहरण घ्या. खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४, वरच्याला १८५/६५ आर १५. व्यास काढा: ६१९.६ आणि ६२१.५ मिमी. दोन मिमीचाही फरक नाही. रिम एक इंचाने वाढवली, साइडवॉल तेवढी बारीक केली आणि बाहेरचं माप जिथल्या तिथे ठेवलं, मुद्दाम, मीटर आणि गिअर बिघडू नयेत म्हणून. शिवाय कंपनी जे ॲव्हरेज सांगते त्या एआरएआयच्या (गाड्यांची चाचणी करणाऱ्या संस्थेच्या) आकड्यात तुमचा ओडोमीटर येतच नाही. तिथे गाडी डायनॅमोमीटरच्या रोलरवर चालवतात, अंतर रोलर मोजतो आणि इंधनाचा हिशोब धुरातल्या कार्बनवरून निघतो.

राहिली ‘टाकी फुल’. एका पंपावर नोझल लवकर बंद होतं, दुसऱ्यावर भरणारा दोनदा-तीनदा टिचकी मारतो. एक लिटर इकडेतिकडे झालं तर ४० लिटरच्या टाकीत अडीच टक्क्यांची चूक, म्हणजे जो फरक शोधायचाय जवळपास तेवढीच. एक टाकी उन्हाळ्यात एसी लावून आणि दुसरी पावसाळ्यात, मग तर बोलायलाच नको. खरंच बघायचं असेल तर एकच पंप, एकच मशीन, पहिल्या कटऑफला थांबायचं, रोजचाच रस्ता, आणि जुन्या-नव्या दोन्ही टायरांवर निदान चार-पाच टाक्या.

त्याआधी किलोमीटर दुरुस्त करा, तेही दोन्ही टायरांचे, नुसते नव्याचे नाही. टायरवर जमिनीला टेकतो तिथे खडूची रेघ मारा, खाली फरशीवर दुसरी. चालकाला सीटवर बसवा, हवा नेहमीची ठेवा, गाडी सरळ ढकलत रेघ दहा वेळा खाली येऊ द्या आणि टेपने अंतर मोजा. वजनाने टायर दबतो, त्यामुळे हा आकडा कागदी व्यासाच्या हिशोबापेक्षा थोडा कमी येईल. तोच खरा. जुन्या आणि नव्या टायरच्या या दोन आकड्यांचं गुणोत्तर म्हणजे तुमचा दुरुस्तीचा आकडा. पडताळायचा असेल तर समृद्धीवर किलोमीटरच्या पाट्या धरून ५० किलोमीटर चालवून बघा.

हाच आकडा ऑइल बदलतानाही वापरा. २८५/७० वर मीटरने १०,००० दाखवले तेव्हा इंजिनाने गाडी १०,५०० किलोमीटरांच्या पुढे ओढलेली असते, त्यामुळे सर्व्हिस मीटरवर ९,५०० झाले की करून घ्यायची.