"गिफ्ट लिहा, ड्युटी वाचवा" वाला फॉरवर्ड: एकेक मुद्दा घेऊ

दिवाळी जवळ आली की हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा उगवतोच. थोडक्यात असा: परदेशातून पार्सल येणार असेल तर बॉक्सवर 'गिफ्ट' लिहायला सांगा, ५,००० रुपयांपर्यंत ड्युटी माफ. किंमत कमी दाखवा. टॅग काढून 'वापरलेलं' म्हणा. कुरिअर नको, पोस्टाने मागवा, तिथे कोणी बघत नाही. आणि अडकलंच तर कस्टम्सचा फोन येतो, थोडे पैसे टाका, सुटतं. खाली हात जोडलेले, पुढे पाठवा वगैरे.

माझं रोजचं काम इम्पोर्टच्या कागदांचं आहे, त्यामुळे हे वाचून डोकं फिरतं. घेऊ एकेक.

गिफ्टची सूट होती हो, अगदी खरी होती, म्हणून तर मेसेज पटतो. पण १२ डिसेंबर २०१९ ला डीजीएफटीने (आयात-निर्यातीचे नियम ठरवणारं केंद्राचं खातं) नोटिफिकेशन काढून पोस्ट किंवा कुरिअरने 'गिफ्ट' म्हणून ड्युटी न भरता माल सोडवणं बंद केलं. अपवाद दोनच, जीवरक्षक औषधं आणि राखी. त्यातही राखी म्हणजे फक्त राखी, तिच्यासोबत बहिणीने चॉकलेट, परफ्युम, घड्याळ टाकलं तर ते राखीत धरत नाहीत. भेट पाठवायला बंदी नाहीये, पाठवा की, पण जी काय ड्युटी बसेल ती भरायची. कायद्यात एवढंच आहे की ड्युटीची रक्कम १०० रुपये किंवा त्याहून कमी निघाली तर वसूल करत नाहीत. रक्कम ड्युटीची, मालाची किंमत नव्हे, हे लोक हमखास उलटं वाचतात.

आता किंमत कमी दाखवण्याचं. हा सगळ्यात महागात पडणारा सल्ला. एका ओळखीच्यांच्या जावयाने चांगला भारीतला ब्लेंडर पाठवला, इनव्हॉइसवर लिहिलं 'किचन आयटम, १५ डॉलर', आणि बॉक्सवर दुकानाचा किमतीचा स्टिकर तसाच. मॉडेल नंबरही ठळक छापलेला. अधिकाऱ्याला ती किंमत शोधायला किती वेळ लागणार? २००७ च्या व्हॅल्युएशन रूल्सप्रमाणे दाखवलेल्या किमतीबद्दल वाजवी शंका आली तर ते पुरावा मागतात, समाधान नाही झालं तर ती किंमत बाजूला ठेवून स्वतः ठरवतात. खोटी दाखवली असं दिसलं तर कस्टम्स ॲक्टच्या कलम १११ खाली माल जप्त होऊ शकतो, ११२ खाली दंड, आणि माल परत हवा तर वेगळा रिडेम्प्शन फाइन. शिवाय पार्सल वाटेत हरवलं तर भरपाई १५ डॉलरच्याच हिशोबाने मागायची, त्याबद्दल फॉरवर्डमध्ये एक अक्षर नाही.

त्यापेक्षा हिशोब समजून घ्या, तो वाटतो तितका वाईट नाही. ड्युटी मालाची किंमत अधिक भाडं अधिक इन्शुरन्स यावर लागते, पण विमानाने आलेल्या मालाचं भाडं किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरतच नाहीत. म्हणजे ६० डॉलरचे बूट आणि कुरिअरने ४० डॉलर घेतले, तरी भाड्यापोटी १२ डॉलरच धरले जातात. इन्शुरन्सचा आकडा माहीत नसेल तर किमतीच्या १.१२५ टक्के. म्हणजे साधारण ७२.६८ डॉलरवर हिशोब, १०० वर नाही. त्यावर बेसिक ड्युटी, सरचार्ज, मग या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी), दर बजेटमध्ये बदलतात म्हणून चालू वर्षाचेच बघा. कुरिअरच्या बिलात ड्युटी आगाऊ भरल्याची फी आणि त्यावर जीएसटी वेगळा असतो, लोक तो पण सरकारने घेतला समजून शिव्या देतात.

'वापरलेलं आहे' याने पार्सलला काही होत नाही. स्वतः विमानातून उतरताना सोबत आणलेले वापरातले कपडे वगैरे हा बॅगेजचा नियम, पार्सलला तो लागू नाही. उलट जुना लॅपटॉप पाठवाल तर अजून पंचाईत, कारण वापरलेल्या लॅपटॉपच्या आयातीवर निर्बंध आहेत, परवानगी मागतील.

पोस्टात कोणी बघत नाही हे ज्याने लिहिलं त्याने मुंबईत बॅलार्ड इस्टेटचं फॉरेन पोस्ट ऑफिस बाहेरूनसुद्धा पाहिलेलं दिसत नाही. तिथे कस्टम्सचे लोकच बसतात, पाकिटावरचं डिक्लरेशन बघतात, संशय आला तर उघडतात. ड्युटी लागली तर पोस्टमन दारात घेतो, एवढाच फरक.

राहिला फोन. हा मुद्दा नुसता चुकीचा नाही, यात माणसं लुटली जातायत. फेसबुकवरचा 'लंडनचा मित्र' भेट पाठवतो, मग 'दिल्ली कस्टम्समधून' एक बाई बोलते, पार्सलमध्ये पाउंड सापडलेत, इतके हजार या खात्यात भरा नाहीतर पोलीस. कस्टम्स असा फोन करून कोणाच्या खाजगी खात्यात पैसे मागत नाही, सीबीआयसीने (कस्टम्स ज्याच्या हाताखाली चालतं ते केंद्राचं मंडळ) हे कितीतरी वेळा सांगितलंय. खऱ्या पार्सलला आधी केवायसी (ओळखीची कागदपत्रं) मागतात, तेही बहुतेक कुरिअरकडून मेलने, आणि तो मेल स्पॅममध्ये पडून राहतो म्हणून निम्मी पार्सलं अडकल्यासारखी वाटतात, इकडे गोडाऊनचं डेमरेज (माल पडून राहिल्याचं भाडं) चढत असतं. (कुरिअरवाल्यांनी एक फोन केला तर काय बिघडतं, ही माझी जुनी तक्रार.)

नोटीस, समन्स किंवा पत्र आलं तर त्यावर डीआयएन (प्रत्येक सरकारी पत्राचा वेगळा ओळख क्रमांक) बघा, नोव्हेंबर २०१९ पासून तो लागतो आणि सीबीआयसीच्या साइटवर टाकून खरा की खोटा ते कळतं. ड्युटी जास्त लावली वाटली तर ऑर्डर लेखी मागा, ६० दिवसांत कमिशनर अपील्सकडे जाता येतं. आणि फोनवरच्या माणसाला आधी एअरवे बिल नंबर (पार्सलचा ट्रॅकिंग नंबर) विचारा, तो कुरिअरच्या साइटवर स्वतः टाकून बघा, नंबर न देता घाई करायला लागला तर फोन ठेवून सरळ १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लावा.