लाख खुर्च्या, पण कुणासाठी?

भिवंडीच्या माझ्या आतेभावाचा परवा रात्री फोन. "दादा, आमण्याला लाखाचं स्टेडियम होणार! घरापासून रिक्षाने जाऊ." मुंबई क्रिकेट असोसिएशनला ठाणे जिल्ह्यात समृद्धी महामार्गालगत आमणे इथे एक लाख क्षमतेचं मैदान हवं आहे, मुख्यमंत्र्यांनीही तशा स्टेडियमची गरज बोलून दाखवली आहे. अहमदाबादला 1,32,000 बसतात आणि मुंबईला वानखेडेच्या साधारण 33,000 वर भागवावं लागतं, हे त्याचं खरं दुखणं.

मी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडला (Oakland) राहतो. इथे आमच्याकडे नेमकं उलटं झालं. गोल्डन स्टेट वॉरियर्स हा बास्केटबॉल संघ 2019 पर्यंत आमच्या गावात खेळायचा, तेव्हा त्या ओरॅकल अरीनात 19,596 जागा होत्या. मग खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी स्वतःच्या पैशाने चेस सेंटर बांधलं. एक अब्जाहून जास्त डॉलर ओतले आणि जागा किती? 18,064. म्हणजे दीड हजार कमी! लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सचं 2024 मध्ये उघडलेलं इन्ट्युइट डोमही 18,000 च्या आसपासच आहे. तिथे मालकाने हजारावर शौचकूपं आणि मुताऱ्या बसवल्या, कारण मध्यंतरात रांगेत अडकलेला माणूस खेळाला मुकतो. वानखेडेवर जुन्या सिमेंटच्या पायऱ्यांवर दिवस काढलेल्या माणसाला हे वाचून हसावं की रडावं कळत नाही.

पण इथल्या कमी जागांचं मला फार कौतुकही नाही. ऑकलंडला बार्टच्या, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेच्या, स्टेशनातून उतरलं की थेट अरीनापर्यंत पादचारी पूल होता. पुलावर कांदा परतण्याचा वास, टी-शर्टवाल्यांचा आरडाओरडा, आणि वरच्या मजल्याचं तिकीट मला झेपायचं. आता सॅन फ्रान्सिस्कोतल्या पॉवेल स्टेशनला गाडी बदलून टी लाइनच्या ट्रामने जायचं. सामन्याच्या तिकिटावर तो प्रवास फुकट आहे, पण तिकीटच परवडत नाही. जागा घटल्या तरी श्रीमंतांचे कक्ष आणि कोर्टालगतच्या खुर्च्या काही घटल्या नाहीत. माझ्यासारखे वरच्या मजल्यावरचे लोक तेवढे घरी टीव्हीसमोर बसले.

मग आतेभावाचंच बरोबर, लाख जागा केल्या की सामान्य माणूस आत येईल? मला पटत नाही. वानखेडेचीच गोष्ट घ्या. 2011 च्या विश्वचषकासाठी नूतनीकरण झालं, तेव्हा 45,000 च्या आसपास असलेली क्षमता 33,000 वर आली. अंतिम सामन्याला त्यातली सर्वसामान्यांसाठी विक्रीला आली जेमतेम 4,000 तिकिटं. बाकीची संलग्न क्लब, आयसीसी आणि मानाच्या पाहुण्यांत वाटली गेली. म्हणजे जागा कमी असण्यापेक्षा वाटणी मोठी अडचण होती. हा कोटा तसाच राहिला तर लाखाच्या मैदानातही आम आदमी कडेलाच.

शिवाय बास्केटबॉलचं कोर्ट जेमतेम 94 फुटांचं, त्यामुळे वरच्या रांगेतूनही खेळाडूचा चेहरा कळतो. क्रिकेटच्या लाखाच्या मैदानात शेवटच्या रांगेतला माणूस चेंडू शोधत मोठ्या पडद्याकडेच बघत बसणार. तेही चालेल, गर्दीचा आवाज ऐकायला मिळतोच की. पण आमण्याहून रात्री अकराला लाख माणसं परतणार कशाने, याचं उत्तर मला महामार्गाच्या नकाशात दिसत नाही. चर्चगेट निदान वानखेडेच्या दाराशी आहे.

हे सगळं मी त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "तू तिकडे बसून फार विचार करतोस. पुढच्या वेळी आलास की आधी वानखेडेवर जाऊ."

"तिकीट?"

"त्याची काळजी नको. एका क्लबवाल्याशी ओळख निघाली आहे."