अवजारं मोजून निवड करू नका
लेदरमन वेव्ह प्लस आणि व्हिक्टोरिनॉक्स स्पिरिट या मल्टिटूल्सची (पक्कड, चाकू, कात्री अशी अनेक अवजारं एकातच असलेली घडीची साधनं) तुलना करणाऱ्या लेखात वेव्ह प्लसला झुकतं माप दिलंय, कारण त्यात 18 अवजारं. पण रोज लागतात तीन-चारच! माझ्या मते मुद्दा वेगळा आहे. वेव्हची चाकू, करवत, कानस बाहेरून उघडतात, चाकू तर एका हातानेही. मात्र कात्री किंवा स्क्रूड्रायव्हरसाठी आधी पक्कड उघडावी लागते. व्हिक्टोरिनॉक्स स्पिरिटमध्ये सगळं बाहेरूनच, पक्कड मिटलेली असताना. शिवाय वेव्हचं वजन 241 ग्रॅम, स्पिरिट हलकं. ऑफिसच्या पँटच्या खिशात फरक जाणवतो हो. तारा तोडायचं काम नेहमीचं असेल तर मात्र वेव्हच घ्या, त्याची तार कापायची पाती बदलता येतात. आणि विमानप्रवासात कुठलंही असो, चेक-इन बॅगेत टाका.