सज्जन राहून कायदा कसा मोडावा

समजा उद्या सकाळी कोणी तुमच्या फाटकाशी येऊन विचारलं, "गेल्या महिन्याभरात आपण किती कायदे मोडलेत?" तर उत्तर तयार ठेवा. एकही नाही. आवाज चढवू नका, आणि आठवतोय असा चेहरा तर मुळीच करू नका. आठवायला बसलं की माणूस फसतो. आधी मासळीबरोबर घेतलेली पातळ प्लास्टिकची पिशवी आठवते, तिच्यामागून घराच्या मागच्या बाजूला वाढवलेली खोली येते, आणि पाच मिनिटांत आपण अट्टल गुन्हेगार असल्याचा भास होऊ लागतो. असे भास आरोग्याला चांगले नाहीत.

गोव्यात राहून कायदा मोडायचा तर एक गोष्ट मनाशी पक्की हवी. इथे कायदा मोडतात ते बाहेरचे. किनाऱ्यावर वाळूत जीप रुतवून बसतो तो दिल्लीचा. उघड्यावर बाटली घेऊन बसतो तोही तिकडचाच, आणि त्याच्यासाठी आपण २०१९ साली पर्यटनस्थळांच्या कायद्यात दुरुस्ती करून एकट्याला २ हजार आणि टोळक्याला १० हजार दंड ठेवला. आपण संध्याकाळी मित्रांबरोबर शेताच्या बांधावर हुर्राक, म्हणजे काजूची दारू, घेऊन बसतो ती गोष्ट वेगळी. शेत हे पर्यटनस्थळ नाही.

हा बाहेरचा माणूस आपल्याला फार उपयोगी पडतो, म्हणून त्याला दुखवू नका. उलट त्याला आपली गाडी द्या. भाड्याने गाडी द्यायची तर काळी नंबरप्लेट, तिच्यावर पिवळे आकडे, त्यामागे परवाना, वेगळा विमा, वेगळा कर, एवढा सगळा व्याप असतो. त्यापेक्षा मित्र परवडतो. पांढऱ्या नंबरप्लेटची आपली घरची गाडी विमानतळावर नेऊन त्याच्या हातात द्यायची आणि सांगून ठेवायचं, "पोलिसांनी अडवलं तर म्हण, मित्राची आहे." या हिशेबाने बार्देश तालुक्यातल्या साध्यासुध्या माणसालाही गुरगाव, इंदूर, सुरत अशा ठिकाणी इतके मित्र आहेत की एखाद्या राजदूताला हेवा वाटावा. मैत्री दिवसाच्या दराने असते, पेट्रोल मित्राचं. आणि त्याच मित्राने पुढे आपलीच गाडी चुकीच्या दिशेने हाकली, तर चौकात उभं राहून "बघा, या पर्यटकांनी गोव्याची काय वाट लावली!" असं म्हणायचा पहिला मान तुमचा.

आता हेल्मेट. हा विषय नीट समजून घ्या, कारण सज्जनपणाची रोजची परीक्षा इथेच होते. वाढीव दंडाचा कायदा संसदेने २०१९ मध्ये केला. गोव्यात ते दंड लागू झाले १ एप्रिल २०२२ पासून. मधल्या काळात आधी रस्ते सुधारू, मग दंड वाढवू, असं सरकारी पातळीवरूनही सांगितलं गेलं. ही सबब सांभाळून ठेवा, ती कधीच शिळी होत नाही. खड्डा जोवर आहे तोवर तुमचं डोकं उघडं राहण्याला नैतिक अधिष्ठान आहे. खड्ड्यात पडल्यावर डोकं फुटतं आणि त्यासाठीच हेल्मेट असतं, असला आडवा तर्क कोणी काढलाच तर तो खासगी कंपनीत नोकरीला असणार, सोडून द्या.

हेल्मेट घरात मात्र असू द्या. त्याची योग्य जागा डाव्या कोपरात. महामार्ग आला की ते डोक्यावर चढतं, महामार्ग संपला की पुन्हा कोपरात उतरतं. कोणी विचारलंच तर "गावातल्या गावात चाललोय" म्हणा. गावातल्या गावात या प्रदेशाची सीमा अजून कोणत्याही सर्वेक्षणात निश्चित झालेली नाही. म्हार्दोळहून निघालेला माणूस फोंड्याच्या बाजारात पोचेपर्यंत गावातल्या गावातच असतो, आणि मागे बायको, पुढ्यात टाकीवर पोर असेल तर ती सीमा आणखी लांबते. दंड १ हजार रुपये आणि परवाना तीन महिने निलंबित होऊ शकतो, एवढं लक्षात असू द्या. बाकीचं काम समोरून येणारे करतात. पुढच्या वळणावर पोलीस असले की समोरचा दुचाकीवाला एक हात सोडून डोक्यावर टपली मारतो. अनोळखी माणूस, धर्म-जात-पक्ष न विचारता, चालत्या गाडीवरचा एक हात सोडून तुम्हाला वाचवतो. राष्ट्रीय एकात्मतेची भाषणं पुष्कळ झाली, तिची खूण मात्र ही एकच.

टपली चुकली आणि शिट्टी वाजलीच, तर खिशात हात घालायची घाई करू नका. पहिला प्रश्न येईल, "तूं खंयचो?" म्हणजे तू कुठला. इथे खालच्या मानेने म्हणायचं, "हांगाचोच, सायबा," म्हणजे इथलाच. दुसऱ्या वाक्यात वाडा सांगायचा. तिसऱ्या वाक्यात मोबाइल काढून "भाईंना फोन लावू?" एवढंच. आमदाराचं नाव घेऊ नका, ते उर्मटपणाचं दिसतं. कुठले भाई हे पोलिसाने आपल्या मनाने ठरवावं.

दुसऱ्याने मोडलेल्या कायद्याबाबत मात्र कडक राहा. २०१७ मध्ये गोवा पोलिसांनी ट्रॅफिक सेंटिनल योजना आणली होती. रस्त्यावर कोणी नियम मोडताना दिसला की फोटो काढून पाठवायचा, गुण जमवायचे, बक्षीस मिळवायचं. कल्पना आपल्या स्वभावाला इतकी पोषक की ती अजरामर व्हायला हवी होती. पण घात असा झाला की फोटो काढणाऱ्याला दिल्लीवाल्याची आणि गाववाल्याची नंबरप्लेट वेगळी ओळखता येईना. घरोघरी चलनं येऊ लागली, फोटो काढणाऱ्यांना मार बसू लागला, विधानसभेतही योजनेविरुद्ध आवाज उठला. नागरिकांनी पोलिसांना मदत करावी हे सर्वांना मान्य होतं. त्या मदतीत आपला फोटो येईल हे कोणी सांगितलं नव्हतं.

सीमेवरच्या शिष्टाचाराकडे वळू. सावंतवाडी-कुडाळकडचे पाहुणे तुमच्याकडे येतात ते देवदर्शनासाठी. मंगेशी होते, शांतादुर्गा होते, आणि परतीच्या वाटेवर सीमेवरच्या पत्रादेवी गावाच्या अलीकडे गाडी आपोआप थांबते. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, तिथे पिण्यासाठीही परवाना लागतो, विदेशी दारूचा एक दिवसाचा परवाना ५ रुपयांना मिळतो, आणि गोव्याची बाटली पलीकडे नेणं हा तर गुन्हाच. पाहुण्यांना हे सांगून त्यांचं मन मोडू नका. नारळाच्या पोत्यात तळाला जागा करून द्या. वर फणस ठेवला तर उत्तम, बांद्याच्या नाक्यावर फणस उचलायला कोणी सहसा तयार होत नाही. पकडले गेलेच तर त्यांचे ते बघून घेतील. तुम्ही फक्त नारळ दिले होते.

आवाजाच्या बाबतीत तुमची भूमिका स्वच्छ असली पाहिजे. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालचा नियम हणजुण-वागातोरच्या क्लबांसाठी केलेला आहे. आपल्या जत्रेच्या नाटकात नायकाचा प्रवेशच साडेदहाला असतो. वर्षातले काही ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते खरी, पण मध्यरात्री तर दुसरा अंक सुरू होतो. नियम लिहिणाऱ्याने उभ्या आयुष्यात दशावतार पाहिला नसावा, त्याची कीव करून पडदा वर करा.

खाण्याचं थोडक्यात. पहिल्या पावसानंतर रात्री टॉर्च घेऊन शेतात उतरणाऱ्या कोणाला ओळखत असलात तरी ओळख सांगू नका. बेडूक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्याचं ताटातलं नाव, जंपिंग चिकन, येत नाही. ताटात काय आहे हे विचारणं आपल्या संस्कृतीत बसत नाही. धिरयोचंही तसंच. बैलांच्या झुंजींवर १९९६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी घातली. तेव्हापासून त्या होत नाहीत, आणि न होणाऱ्या झुंजींना गर्दी मात्र मरणाची असते.

जुगाराबद्दल मात्र मला तुमच्याविषयी थोडी खरी सहानुभूती आहे. मटक्याचा आकडा लावणं १९७६ च्या कायद्याने गुन्हा. त्याच कायद्यात दुरुस्त्या करून आधी पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रं आली, मग मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी राहिली. मग १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला मनाई. म्हणजे गावातला जुगार बेकायदा म्हणून बंद, आणि नदीतला कायदेशीर म्हणून आपल्यालाच बंद. असं कोंडीत पकडलेल्या माणसाने भुसारी दुकानाच्या मागच्या बाजूला कोणाच्या कानात दोन आकडे सांगितले, तर ते वाढदिवस लक्षात ठेवण्यासाठी होते असं म्हणावं.

आणि घर. गोव्यात घर बांधायचं नसतं, ते वाढवायचं असतं. आधी स्वयंपाकघरामागे पत्रे, मग पत्र्याखाली तीन फूट भिंत, मग भिंतीला खिडकी, मग खिडकीला ग्रील आणि आत भाडेकरू. कामाचे दिवस नीट निवडा. शुक्रवारी संध्याकाळी सुरू करून सोमवारी कचेऱ्या उघडायच्या आत स्लॅब पडायला हवा. चवथीच्या सुट्ट्या आणि निवडणुकीचे दिवस हे स्लॅबचे राजमुहूर्त. कोपऱ्यात देवाला जागा द्या, म्हणजे पाडायला येणाऱ्याच्या हाताला कापरं भरेल. मग घरपट्टी भरायची. पंचायतीने घरपट्टी घेतली आणि विजेचा मीटर फिरला की बांधकामाला एक प्रकारची खानदानी येते. २०१६ साली तर अनधिकृत बांधकामं नियमित करण्याचा कायदाच झाला, फेब्रुवारी २०१४ पूर्वी उभ्या असलेल्या बांधकामांसाठी. त्यामुळे तुमची खोली २०१४ पूर्वीचीच आहे. सिमेंटची रिकामी पोती तेवढी अंगणातून हलवा, त्यांच्यावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. हे सगळं उरकलं की शेजाऱ्याच्या बेकायदा जिन्याविरुद्ध पंचायतीत अर्ज करा. क्रम बदलू नका, आधी अर्ज केला तर पंच दोन्ही घरं बघायला येतात.

एवढं करूनही एखाद्याने बोट दाखवलंच, तर ठेवणीतलं शस्त्र काढायचं: खाण. बेकायदा खाणकामाने गोव्याचं सुमारे ३५ हजार कोटींचं नुकसान झालं असा अंदाज न्यायमूर्ती शहा आयोगाने मांडला. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. कोटींचा आकडा पाठ करा. "३५ हजार कोटी खाणारे मोकळे, आणि माझ्या पत्र्याच्या शेडकडे बघता?" हे वाक्य कोणत्याही कचेरीत, कोणत्याही टेबलासमोर चालतं. वाक्य खोटं नाही, हीच त्याची ताकद. खाणीच्या ट्रकांपैकी दोन तुमच्या भावोजींच्या नावावर होते, ही कौटुंबिक बाब आहे.

आता इतकं सांभाळून चालणारी माणसं स्वतःहून कधी काही कबूल करत असतील का? करतात. २०२४ च्या अखेरीस गोव्यात लोक रांगेने पोलीस ठाण्यात गेले आणि सरकारी नोकरीसाठी आपण कोणाला किती लाख दिले ते सही करून सांगून आले. वास्तविक २०१८ च्या दुरुस्तीनंतर सरकारी कामासाठी लाच देणंही गुन्हाच आहे. सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवायची सोय आहे. पण ही माणसं लाच दिल्याचं सांगायला गेली नव्हतीच. पैसे घेऊन नोकरी दिली नाही, हा त्यांच्या लेखी सरळसरळ फसवणुकीचा व्यवहार होता. नोकरी मिळालेला कोणी अशी तक्रार घेऊन जात नाही, त्याचा माल वेळेवर पोचलेला असतो.

उद्या तुमच्यावर वेळ आली तर हाताशी असावा म्हणून अर्जाचा मसुदा देऊन ठेवतो. "महोदय, मी कायद्याने चालणारा नागरिक असून माझ्या मुलाला सरकारी खात्यात कनिष्ठ लिपिकाची जागा मिळावी म्हणून ओळखीच्या व्यक्तीकडे काही रक्कम विश्वासाने दिली होती. यादीत मुलाचे नाव आले नाही. माझ्या मुलापेक्षा कमी रक्कम दिलेल्यांची नावे यादीत असल्याचे समजते, हा उघड अन्याय आहे. तरी या भ्रष्टाचाराची सखोल चौकशी करून माझी रक्कम परत मिळवून द्यावी. दरम्यान नोकरी मिळत असल्यास तक्रार मागे घेण्यास माझी हरकत नाही."