प्लीहा १२.४ सेंटिमीटर: घाबरायचं कशाला आणि विचारायचं काय

सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडला की पेशंट आधी शेवटची 'इम्प्रेशन'ची ओळ गाठतो. तिथे 'माइल्ड स्प्लीनोमेगाली', म्हणजे प्लीहा किंचित वाढलेली, असं दिसलं की तोच शब्द मोबाइलवर टाकला जातो, आणि मग कुणा ना कुणा नातेवाइकाकडून तो फॉरवर्ड येतोच. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो: प्लीहा, म्हणजे आपल्याकडची पाणथरी, सगळ्यांची १२ सेंटिमीटरच्या आतच हवी. त्यावर एक मिलिमीटर गेली तरी आजार आहेच. डॉक्टरांच्या हाताला लागत नसेल तर काळजी नाही. दोन सेंटरचे आकडे जुळले नाहीत तर एक जण खोटं बोलतोय, थेट सीटी करा. वाढलेली प्लीहा म्हणजे लिव्हर गेलं किंवा रक्ताचा कॅन्सर. आणि शेवटी उपाय: गुळवेलीचा काढा ४० दिवस, प्लीहा १३.१ वरून १२.४ वर आल्याचा 'पुरावा' जोडलेला.

सोनोग्राफीचा प्रोब रोज हातात असल्याने यातला प्रत्येक दावा मला पेशंटच्या तोंडून ऐकावा लागतो. तेव्हा एकेक घेऊ.

आधी ते '१२'. हा आकडा निसर्गाने आखून दिलेला नाही. निरोगी लोकांची मापं घ्यायची, बहुतेकांची मापं जिथवर जातात तिथे रेघ मारायची, अशा पद्धतीने तो ठरलेला आहे. रेघ अशी मारली की थोडे निरोगी लोक तिच्या पलीकडे राहणार, हे त्या पद्धतीतच आहे. म्हणून कुठल्या पुस्तकात ११ सापडतं, कुठे १२, कुठे १३. तिन्ही लिहिणारे आपापल्या जागी बरोबर असतात. आधीच्या पिढ्यांतल्या डॉक्टरांना ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचना, शिकवताना विषम आकड्यांचा पाढा असायचा: जाडी १ इंच, रुंदी ३, लांबी ५, वजन ७ औंस, आणि जागा नवव्या ते अकराव्या फासळीच्या आड. पाच इंच म्हणजे १२.७ सेंटिमीटर. म्हणजे ज्या मापाला आज रिपोर्टवर 'माइल्ड स्प्लीनोमेगाली' लिहिलं जातं, ते माप डॉक्टर मंडळी कॉलेजात नॉर्मल म्हणून पाठ करायची!

याहून मोठी गफलत म्हणजे लांबीलाच आकार समजणं. प्लीहा काही पट्टी नाही. कुणाची लांबट, चपटी, जिभेसारखी खाली उतरलेली. कुणाची आखूड आणि गुबगुबीत. लांबी, रुंदी आणि जाडी यांचा गुणाकार करून त्याला साधारण ०.५२ ने गुणलं की घनफळाचा अंदाज येतो. एक प्लीहा घ्या १३ बाय ८ बाय ३ सेंटिमीटरची. घनफळ झालं सुमारे १६२ घन सेंटिमीटर. दुसरी घ्या ११.५ बाय ९ बाय ५.५ ची. ती भरते सुमारे २९६. फॉरवर्डच्या हिशेबाने पहिलीचा मालक आजारी आणि दुसरीचा ठणठणीत, आणि प्रत्यक्षात दुसरी प्लीहा पहिलीच्या पावणेदोन पट आहे. ग्रीसमध्ये १४० जणांच्या सीटीवरून १९९७ साली एक मोजणी प्रसिद्ध झाली. प्लीहेला वाढवणारा कुठलाच आजार नसलेल्या त्या लोकांत सरासरी घनफळ सुमारे २१५ घन सेंटिमीटर निघालं, पण सगळ्यात लहान १०७ आणि सगळ्यात मोठं ३१५ च्या आसपास. नॉर्मलमध्येच जवळजवळ तिपटीचा फरक! अशा अवयवाबाबत एका मिलिमीटरवरून निकाल लावणाऱ्याला काय म्हणावं?

लांबी कुचकामी आहे असंही नाही, हे सांगायला हवं. सोनोग्राफीतली लांबी आणि सीटीतलं घनफळ यांचा मेळ बऱ्यापैकी बसतो, म्हणून तर आम्ही रोज तेच एक माप लिहितो. झटपट चाळणी म्हणून ते चांगलं आहे. पण चाळणीत अडकला तो रोगी, असं होत नाही.

"सगळ्यांना एकच माप." या दाव्यावर फार शब्द खर्च करायची गरज नाही, कारण घरातल्या चार माणसांच्या चपला पाहिल्या तरी उत्तर मिळतं. जर्मनीत सुमारे १,२०० निरोगी लोकांची सोनोग्राफी करून २०१६ साली जी मापं आली, त्यांत उंची आणि लिंग या दोन्हींचा प्लीहेच्या आकारावर स्पष्ट परिणाम दिसला. उंच पुरुषाची प्लीहा १२ च्या पुढे जाणं त्यात अगदी स्वाभाविक ठरतं. अमेरिकेत कॉलेजच्या ६३१ खेळाडूंची प्लीहा मोजली तेव्हा सरासरी लांबी १०.६५ सेंटिमीटर आली, आणि तरीही धडधाकट खेळणाऱ्या या मुलामुलींपैकी सात टक्क्यांहून अधिक जण प्रचलित निकषांनी 'वाढलेली प्लीहा' या खान्यात बसत होते. ग्रीसच्या त्या मोजणीत मात्र उंचीशी नातं दिसलं नव्हतं, तेव्हा हा हिशेब सरळ रेषेत चालतो असंही कुणी समजू नये. साठीनंतर प्लीहा हळूहळू आक्रसते, तीही बाब आहेच.

आणि इंडोनेशियातले बजाऊ लोक! पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात बुडी मारून मासे धरणारी ही जमात. २०१८ साली त्यांची प्लीहा सोनोग्राफीने मोजली, तर शेजारच्या शेती करणाऱ्या सालुआन लोकांपेक्षा ती सुमारे ५० टक्के मोठी निघाली. बुडी न मारणाऱ्या बजाऊंचीही मोठीच होती, आणि त्यामागे जनुकातला फरक असल्याचं दिसलं. प्लीहा लाल पेशींचा साठा धरून ठेवते आणि श्वास रोखला की आकुंचन पावून तो रक्तात सोडते. मोठी प्लीहा तिथे कामाची गोष्ट आहे.

'१२' च्या दाव्याची उलट बाजू अधिक धोक्याची, आणि तिच्याबद्दल फॉरवर्ड गप्प आहे. '१२ च्या आत म्हणजे सगळं ठीक' असं त्यातून आपोआप निघतं. पाच फुटांच्या आतल्या, चाळीस किलोच्या बाईची प्लीहा दोन वर्षांपूर्वी ९.३ होती आणि आज ११.६ आहे, तर रिपोर्टवर 'नॉर्मल' छापलं जाईल. पण मला ती १२.४ वाल्या सहा फुटी माणसापेक्षा जास्त खटकेल. म्हणून जुने रिपोर्ट टाकू नका, सोबत आणा.

"हाताला लागत नाही म्हणजे नॉर्मल." प्लीहा फासळ्यांच्या आड, मागच्या बाजूला बसलेली असते. ती फासळीखाली हाताला लागायची तर साधारणपणे दुप्पट-तिप्पट वाढावी लागते. त्यामुळे हाताला न लागणारी पण खरोखर वाढलेली प्लीहा आम्ही सोनोग्राफीत नेहमी पाहतो. उलटंही घडतं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात नव्याने आलेल्या २,२०० विद्यार्थ्यांची पोटं तपासली, तर जवळजवळ तीन टक्के मुलांची प्लीहा हाताला लागली. हे १९६७ साली प्रसिद्ध झालं. दहा वर्षं त्या मुलांचा माग ठेवला, तरी इतरांपेक्षा जास्त आजार काही निघाले नाहीत.

तरी हाताच्या तपासणीला नावं ठेवायचं कारण नाही. १८४० च्या दशकात डेंप्स्टर नावाच्या डॉक्टरने यमुनेच्या कालव्याकाठच्या गावांत लोकांची पोटं चाचपून, किती जणांची प्लीहा वाढली आहे यावरून हिवतापाचा जोर ठरवला. गावाचा हिवताप मोजायची ही युक्ती पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ जगभर वापरली गेली. ती गावासाठी होती. एका माणसाच्या सव्वाबारा सेंटिमीटरचा निवाडा त्या हाताला करता येत नाही.

आता माझ्या धंद्यावरचा आरोप: दोन सेंटरचे आकडे वेगळे, म्हणजे कुणीतरी खोटं बोलतंय. माप कसं घेतात ते पाहा. पेशंटला किंचित उजव्या कुशीवर वळवतो, डावा हात डोक्याकडे घ्यायला लावतो. त्याने फासळ्यांमधल्या फटी जराशा उघडतात. जेल लावून प्रोब फासळ्यांच्या फटीत, बराच मागे, तिरका टेकवायचा. "श्वास घ्या" म्हटलं की शहाणा पेशंट छाती भरभरून श्वास घेतो, फुप्फुस खाली सरकतं आणि प्लीहेचं वरचं टोक झाकून टाकतं. पडद्यावर नुसता पांढरा धूर. मग "सोडा, आता अर्धाच घ्या, धरून ठेवा." आता टोक दिसतं, पण मधूनच फासळीची काळी सावली आडवी येते. प्लीहेत जिथून रक्तवाहिन्या शिरतात ती खाच दिसेल असा छेद पकडायचा, चित्र गोठवायचं, आणि वरच्या टोकावर एक अधिकचं (+) चिन्ह, खालच्या टोकावर दुसरं. तेवढ्यात पेशंटला खोकला आला तर पुन्हा पहिल्यापासून. प्रोब जरासा फिरला, टोक सावलीत गेलं, श्वास कमीजास्त झाला, की तोच डॉक्टर त्याच पेशंटला पाच-सात मिलिमीटरचा फरक देतो. दोन डॉक्टर, दोन मशीन असली तर एक सेंटिमीटरपर्यंतही जाऊ शकतो. कुणी खोटं बोलत नसतं. १२.४ मधला तो दशांश मशीनने छापलेला असतो, म्हणून तो तितका नेमका असतो असं नाही.

शिवाय अवयवही एका मापाला चिकटून बसत नाही. दमछाक होईल असा व्यायाम झाला की प्लीहा आक्रसते, मोठा रक्तस्राव झालेल्या जखमीच्या सीटीत ती लहान दिसते.

सीटीच्या आकड्याचाही घोळ असतो. सीटीत काही जण प्लीहेची सरळ उभी लांबी लिहितात, काही जण तिरकी, सर्वांत लांब. प्लीहा पोटात तिरकीच बसलेली असल्यामुळे हे दोन आकडे एकच येत नाहीत. म्हणजे सोनोग्राफीतले १२.४ आणि सीटीतले ११.३ हे दोन्ही खरे असू शकतात. छेदागणिक कडा आखून घनफळ काढलं तर सीटी नक्कीच सरस, पण निव्वळ तेवढ्यासाठी क्ष-किरणांचा डोस घ्यायचा? सीटी काढावा लागतो तो पोटात गाठी आहेत का, रक्तवाहिनीत अडथळा आहे का, असा प्रश्न पुढे असताना.

"लिव्हर गेलं किंवा कॅन्सर." दोन्हींमध्ये प्लीहा वाढते, हे खरं. पण यादी तिथे संपत नाही. हिवताप, टायफॉइड आणि इतर अनेक तापांत ती वाढते आणि ताप गेल्यावर काही आठवड्यांत आपोआप उतरते. पावसाळ्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या 'माइल्ड स्प्लीनोमेगाली'त अशांचा वाटा मोठा. लिव्हरकडे जाणारी मुख्य शीर, पोर्टल व्हेन, लहानपणीच बुजलेली असली तर लिव्हर धड असूनही प्लीहा प्रचंड वाढते, आणि आपल्या देशात असे तरुण पेशंट कमी नाहीत. थॅलेसेमियासारखे हिमोग्लोबिनचे आनुवंशिक आजार आहेत. आणि विदर्भासह गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात त्याच जातीचा सिकलसेल आहे. आफ्रिकी वंशाच्या सिकलसेल रुग्णांत प्लीहा लहानपणीच सुकून जाते, असं पाश्चात्त्य पुस्तकं सांगतात. आपल्याकडच्या रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं आणि अनेकांची प्लीहा मोठेपणीही वाढलेलीच राहते. नागपूरकडच्या पंचविशीच्या मुलाची प्लीहा १५ सेंटिमीटर दिसली तर कॅन्सरच्या आधी 'हिमोग्लोबिन एचपीएलसी' ही हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी रक्ततपासणी झाली आहे का, हे विचारायला हवं.

आम्हीही केवळ आकडा पाहत नाही. प्लीहेचं खालचं टोक डाव्या किडनीच्या खालच्या टोकापर्यंत पोहोचलं आहे का? पोर्टल व्हेन रुंदावली आहे का, प्लीहेजवळ शिरांची वेटोळी झाली आहेत का? लिव्हरची कड खडबडीत आहे का, पोटात पाणी आहे का, गाठी आहेत का? जोडीला साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी: प्लेटलेट किती, हिमोग्लोबिन किती, पांढऱ्या पेशींत काही विचित्र आहे का? यातलं काहीच नसेल, ताप नसेल, वजन घटत नसेल, तर १२.४ बद्दल बहुतेक फिजिशियन काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी सुचवतील आणि तोवर तुम्हाला निवांत आपल्या कामाला जायला सांगतील. यातलं काही असेल, तर प्लीहा ११ असली तरी तपास पुढे जाईल.

राहिला काढा. १३.१ वरून १२.४ म्हणजे सात मिलिमीटर. दोन मोजण्यांमध्ये एवढा फरक काहीही न पिता येतो, हे वर सांगितलंच. त्यात पहिली सोनोग्राफी तापात झाली असेल तर ४० दिवसांत प्लीहा उतरणारच होती, काढा प्या नाहीतर ताक प्या. यात नुसतं पाण्यात पैसे घालवणं असतं तर मी बोललोही नसतो. पण कोविडच्या काळात गुळवेल घराघरांत सुरू झाली आणि २०२१ साली मुंबईतल्या लिव्हरतज्ज्ञांनी ती घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने तेव्हा त्यावर जोरदार आक्षेप घेतला. पुढच्या वर्षी देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांतल्या डॉक्टरांनी मिळून अशाच ४३ रुग्णांची नोंद मांडली. ज्यांना आधीपासून ऑटोइम्यून त्रास (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणं) आहे किंवा लिव्हर नाजूक आहे, त्यांना जास्त जपायला हवं, आणि प्लीहा खरोखर वाढलेल्यांमध्ये नाजूक लिव्हरचे लोक जास्त सापडणार हे उघड आहे. काढा सुरू असेल तर तपासणीला जाताना लपवू नका. डॉक्टरांना नाव, प्रमाण, किती दिवसांपासून घेताय ते सांगा, आणि सीबीसीसोबत लिव्हर फंक्शनही करून घ्या.