आत्या, कॅमेरा चुकतो

काल रात्री बडोद्याच्या दांडिया बाजारातून आत्याचा फॉरवर्ड आला. ‘चेहरा ओळखणारा पोलीस कॅमेरा कधी चुकत नाही. हरवलेली मुलं सापडतात. ज्यानं काही केलं नाही, त्यानं घाबरायचं कशाला? परदेशात बंदी घालणारे चोरांचे कैवारी. आणि फोन तुम्ही चेहरा दाखवूनच उघडता ना?’ सकाळपर्यंत तोच मजकूर आणखी दोन ग्रुपांवर. आता लिहिणं भाग आहे.

‘कधी चुकत नाही’ हे कुणीतरी डेट्रॉइटच्या रॉबर्ट विल्यम्सना सांगावं. दुकानातून घड्याळं चोरीला गेली होती, फुटेज अंधुक. संगणकानं विल्यम्सच्या जुन्या लायसन्सवरचा फोटो चोराशी जुळणारा म्हणून शोधून दिला आणि जानेवारी २०२० मध्ये पोलिसांनी त्यांना बायको आणि दोन लहान मुलींसमोर घराच्या अंगणात बेड्या घातल्या. जवळपास ३० तास कोठडी! चौकशीत चोराचा फोटो पुढे केला, तेव्हा त्यांनी तो आपल्या तोंडाशेजारी धरून दाखवला: हा मी नाही. हे आधी कुणी नीट बघितलंच नव्हतं. २०२४ मध्ये शहरानं भरपाई दिली आणि निव्वळ अशा जुळणीवर अटक करायची नाही, हे पोलिसांना कबूल करावं लागलं. ‘काही केलं नाही त्यानं’चं उत्तरही यातच आलं. या माणसानं काही केलंच नव्हतं.

अमेरिका लांब वाटत असेल तर दिल्ली घ्या. ८० टक्के साम्य असलं की जुळणी धरतो, असं दिल्ली पोलिसांनीच माहिती अधिकारात सांगितलंय. तेवढं साम्य तर माझं नि चुलतभावाचं आहे. रावपुऱ्यात लोक मला त्याच्या नावानं हाक मारतात.

मुलांचं अर्धं खरं, नाइलाजानं मान्य. २०१८ साली दिल्लीत चाचणीच्या चार दिवसांत जवळपास तीन हजार मुलांची ओळख पटल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी न्यायालयात मात्र यंत्रणेची अचूकता दोन टक्के सांगितली गेली. हे फॉरवर्डमध्ये कसं नाही?

आता ते ‘चोरांचे कैवारी’. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोनं २०१९ मध्ये पोलिसांसह शहराच्या खात्यांना चेहरा ओळखण्याचं तंत्र वापरायला बंदी केली. साधे कॅमेरे तिथेच आहेत.

राहिला फोन. तो एवढंच बघतो, की ही आत्याच का? पोलिसांचा कॅमेरा लाखो फोटोंत ‘ही कोण’ हे शोधतो. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर एक लाख चेहरे तपासले आणि हजारात एकच चुकला, तरी शंभर भलतीच माणसं. शिवाय फोनला चेहरा नको असेल तर पासवर्ड टाकता येतो. चौकातल्या खांबाला काय टाकणार?

आत्या, तुझ्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड गेलाच असेल. हाही पाठव.