वास्कोत बघायला काय आहे म्हणणाऱ्यांसाठी

गोव्यातलं आपलं वास्को शहर म्हणजे विमानतळ, ट्रक आणि कोळशाची धूळ, बास, असं आपले गोंयकारच बोलतात तेव्हा मला खरंच राग येतो. पाहुणे इथल्या दाबोळी विमानतळावर उतरले की थेट कळंगुटला, आणि आपणच त्यांना तिकडे पाठवतो. अरे, वास्कोच्याच मुरगाव बंदरात एकट्या १९४३ साली काय काय घडलंय ते तरी सांगा ना त्यांना!

दुसरं महायुद्ध चालू होतं पण गोवा तेव्हा पोर्तुगालचा आणि पोर्तुगाल तटस्थ, म्हणून एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स ही तीन जर्मन जहाजं आणि आन्फोरा हे इटालियन, अशी चार जहाजं आसऱ्याला येऊन इथेच नांगर टाकून बसलेली. ब्रिटिशांना संशय की एरेनफेल्सवरच्या वायरलेसवरून पाणबुड्यांना बातम्या जातात, पण तटस्थ बंदरात फौज घुसवणार कशी? मग कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी राखीव घोडदळातले, लढायचं वय उलटलेले, कंपन्यांत नोकऱ्या करणारे साहेब लोक गोळा केले, फीबी नावाच्या गाळ वाहणाऱ्या बार्जमधून आणले आणि ९ मार्चच्या रात्री एरेनफेल्सवर चढवले. जर्मन कॅप्टन मारला गेला, जहाज हातचं जाऊ नये म्हणून खलाशांनी स्वतःच ते बुडवलं, आणि ते बघून बाकीच्या तिघांनीही तेच केलं. पुढे कित्येक वर्षं ब्रिटिशांनी हे गुपित ठेवलं.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, त्याच बंदरात, ग्रिप्सहोम नावाच्या स्वीडिश जहाजातून अमेरिकेत अडकलेले जपानी आले, तेया मारूमधून जपानच्या ताब्यातले अमेरिकन आणि इतर, दोन्हीकडचे मिळून तीनेक हजार लोक, बायका-मुलांसकट, आणि इथे जहाजं बदलून आपापल्या देशांकडे गेले. मला तर लढाईपेक्षा हीच गोष्ट मोठी वाटते. एवढ्या लोकांची सुटका आपल्या धक्क्यावर झाली आणि शाळेत आम्हाला कोणी एक ओळ सांगितली नाही.

त्याआधीचंही आहेच, १६८३ मध्ये संभाजीराजांनी धडक दिल्यावर पोर्तुगीज इतके हादरले की राजधानीच मुरगावला हलवायचं ठरवलं, काम अर्धवट राहिलं ते वेगळं.

वास्को सप्ताहाची, म्हणजे इथल्या दरवर्षीच्या अखंड भजनाच्या उत्सवाची गोष्ट बघा, साथ आली आणि जांबावलीच्या दामोदर देवाकडून श्रीफळ आणलं, ही कोणी पुस्तकात वाचली नाही, घरात ऐकली म्हणून टिकली. १९४३ चं तसं का होऊ नये? बंदराजवळ मराठी-कोंकणीत एक फलक लावायला किती खर्च येतो? आणि वास्कोतल्या सडा, बायणा, खारीवाड्यात तेव्हा लहान असलेले कोणी आजी-आजोबा अजून असतील, नव्वदीतले, तर आत्ताच जाऊन विचारा, फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.